कर्नल मेडोज टेलर आणि हिंगोलीचा व्यापारी

सुटी संपून शाळा उघडली म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडीं पाहिलेल्या बोलपटांच्या गोष्टी असतात. आणि त्यांतही खुनाचा तपास लावणाऱ्या चतुर अधिकाऱ्याच्या बोलपटाला जो मान मिळतो तो दुसऱ्या कशालाही मिळत नाहीं. प्रेत सांपडतें, पुरावा सांपडत नाहीं, संशय भलत्यावरच जातो, आणि अखेर तो अधिकारी खुन्याच्या मनाचा ठाव घेऊन त्याला पकडतो. अशा चित्रांनीं मनोरंजन होतें हें खरें. परंतु तीं पाहून घरीं परततांना आपल्या मनांत एक समजूत पक्की झालेली असते. ती ही कीं, खुनी मनुष्य आपल्याहून अगदींच निराळा, काळोखांत वावरणारा व चेहऱ्यावरूनच ओळखूं येणारा असा असावा. ही समजूत किती खोटी आहे हें ज्यांना स्वतःच्या अनुभवानें कळून आलें, अशा एका पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. हे गृहस्थ परदेशीं जन्मले. परंतु त्यांचें बहुतेक आयुष्य आपल्याच बाजूच्या मुलखांत गेलें, आणि त्यांतील एक फार कठीण वर्ष तर आपल्या वऱ्हाडांतच गेलें.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं २५ सप्टेंबर १८०८ रोजीं झाला. वडील व्यापारी होते. परंतु व्यापारांत ठोकर बसल्यामुळें घरची स्थिति खालावली, मुलाचें शिक्षण अर्धवट राहिलें, आणि ज्या वयांत इतर मुलें चेंडू खेळतात त्या वयांत त्याला एका पेढीवर कारकुनी करावी लागली. पुढें मुंबईच्या एका व्यापाऱ्यानें त्याला आपल्या पेढींत घेण्याचें व योग्य वेळीं भागीदार करण्याचें आश्वासन दिलें. त्या भरंवशावर हा मुलगा गलबतांत बसला, आणि १ सप्टेंबर १८२४ रोजीं मुंबईस उतरला. येऊन पाहतो तों पेढीच डबघाईस आलेली! परक्या देशांत, खिशांत पैसा नाहीं, आणि वयाचीं सोळा वर्षेंही पुरीं झालेलीं नाहींत. सुदैवानें मुंबई सरकारच्या दप्तरांत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका नातलगानें खटपट करून त्याला हैदराबादच्या निजामाच्या फौजेंत जागा मिळवून दिली, आणि तो औरंगाबादेच्या छावणींत जाऊन दाखल झाला.

छावणींतील तरुण अधिकारी शिकारींत व पत्त्यांच्या डावांत वेळ घालवीत. टेलरसाहेबांनीं मात्र भाषा शिकण्यास आरंभ केला. हिंदुस्थानी तर ते लवकरच येथील लोकांसारखीच बोलूं लागले. फारसी व मराठी यांचाही त्यांनीं परिचय करून घेतला. शाळा लवकर सुटलेल्या ह्या मुलानें पुढें कायदा, जमिनीची मोजणी, इमारत व रस्ते बांधण्याचें काम आणि भूगर्भशास्त्र हे सर्व विषय आपले आपणच अभ्यासिले. ज्या विद्यार्थ्याला परिस्थितीमुळें शाळा सोडावी लागते त्याचें शिक्षण तेथेंच संपतें असें नाहीं, हें ह्या एका उदाहरणावरून दिसून येईल.

ह्या भाषाज्ञानामुळेंच, विशी उलटण्यापूर्वीं, त्यांना निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागांत पोलिसांचे दुय्यम अधिकारी नेमण्यांत आलें. मुलूख मोठा, रस्ते ओसाड, आणि दरवडेखोरांच्या टोळ्या जागोजाग. टेलरसाहेब घोड्यावरून गांवोगांव हिंडत, झाडाखालीं बसून लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकत, व निकाल तेथल्या तेथें देत. त्यांच्या आत्मवृत्तांतील एक प्रसंग मुलांना आवडेल. एके ठिकाणीं अशी तक्रार आली कीं वाणी पिठांत वाळू मिसळतात. साहेबांनीं दुकानदारांना बोलाविलें, प्रत्येकाच्या दुकानचें पीठ आणविलें, आणि तें त्यानेंच सर्वांसमक्ष खावें असा हुकूम केला. दुकानदारांचीं तोंडें पाहण्यासारखीं झालीं, भोंवतींची मंडळी हंसूं लागली, आणि दंड किंवा फटके यांवांचून तें काम झालें. अपराध्याला शासन करण्यापूर्वीं त्याला त्याचा अपराध स्वतःच चाखावयास लावणें, ही त्यांची रीत होती.

परंतु ह्याच मुलखांत त्यांच्यासमोर एक असें कोडें आलें कीं त्याला कोणताच उपाय चालेना. रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या कांठीं, मधून मधून प्रेतें सांपडत. अंगावर तरवारीचा घाव नाहीं, रक्ताचा थेंब नाहीं. केवळ गळा आवळलेला. मेलेला कोण हें गांवांतील कोणालाही ठाऊक नसे, कारण तो परगांवचा वाटसरू असे. दरवडा पडल्याची कोणाची फिर्याद नाहीं, कीं आरडाओरडा ऐकूं आल्याची कोणाची साक्ष नाहीं. टेलरसाहेबांना वाटूं लागलें कीं ह्या सर्व प्रेतांच्या मागें एकच हात असला पाहिजे. त्यांनीं कसून चौकशी आरंभिली. परंतु धागा हातीं लागतो न लागतो तोंच वरून हुकूम आला कीं पोलिसाचें काम सोडून त्यांनीं पलटणींत परत जावें. आपणांस हें काम पुरें करूं द्यावें अशी त्यांनीं विनंति केली, ती मान्य झाली नाहीं. शिपायाला हुकूम मोडतां येत नाहीं. ते परत गेले, आणि त्यांनीं अर्धवट सोडलेल्या चौकशीचे कागद तसेच राहिले.

त्या काळीं आगगाडी नव्हती. आपल्या चांदूरवरून नागपूरपर्यंत जाणारा लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला. त्यापूर्वीं नागपूर, अमरावती, हैदराबाद, जबलपूर असा प्रवास पायीं, घोड्यावर किंवा बैलगाडींतून कित्येक दिवसांचा, प्रसंगीं महिन्यांचा असे. एकट्यानें जाणें धोक्याचें, म्हणून वाटसरू सोबत शोधीत. आणि ठग हे हीच सोबत देत. ते सभ्य वेषांत येत, गोड बोलत, वाटेंत भेटलेल्या सावकाराला किंवा शिपायाला आपल्या मेळ्यांत घेत, त्याच्याबरोबर जेवत, गात, हंसत. आणि ठरलेल्या जागीं, ठरलेला इशारा होतांच, मागून रुमालाचा फांस टाकून त्याला ठार करीत. खड्डे आधींच खणलेले असत. घटका दोन घटकांत माती सारखी होई, आणि टोळी पुढच्या मुक्कामाला लागे. गेलेला मनुष्य परत आला नाहीं हें त्याच्या घरच्यांना कळावयास महिने लागत, आणि तो कोठें गेला हें तर कधींच कळत नसे.

ह्या टोळ्यांचा पद्धतशीर छडा विल्यम स्लीमन नांवाच्या अधिकाऱ्यानें जबलपूर-सागर भागांत लाविला. १८३० सालीं फिरंगिया नांवाचा एक मोठा नायक त्यांच्या हातीं आला, माफीचा साक्षीदार झाला, आणि त्यानें दाखविलेल्या जागा खणतांच प्रेतांचे सांगाडे निघाले. मग एकाच्या जबानीवरून दुसरा, दुसऱ्याच्या जबानीवरून तिसरा असे शेकडों पकडले गेले. आणि तपासाचें हें जाळें दक्षिणेंत निजामाच्या मुलखापर्यंत येऊन पोहोंचलें.

आतां हिंगोलीची गोष्ट. वाशीमच्या दक्षिणेस, आपल्या वऱ्हाडाला लागूनच, हिंगोली येथें निजामाच्या फौजेची छावणी होती. त्या छावणींत हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहात असे. माल चांगला, वागणूक नम्र, हिशेब चोख. छावणींतील अधिकारी त्याच्याशीं देवघेव करीत. स्वतः टेलरसाहेबांनींही केली होती. एकदां ह्या हरिसिंगानें मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला, आणि तो त्याला मिळाला. शेजारच्या एका गांवचा व्यापारी तसलेंच कापड घेऊन येत आहे ही बातमी त्यानें आधींच काढून ठेविली होती. त्या व्यापाऱ्याला व त्याच्या माणसांना वाटेंत गांठून त्यानें ठार मारिलें, सरकारी परवान्याच्या आधारावर तो माल छावणींत आणिला, आणि उघड उघड विकला! खरेदी करणाऱ्यांत कोणालाही कसली शंका आली नाहीं. तो पकडला गेल्यावर त्यानें आपल्याच तोंडानें सांगितलें तेव्हां ही हकीकत बाहेर आली. कारण हरिसिंग हा त्या भागांतील ठगांचा नायक होता.

यापुढील भाग याहूनही भयंकर आहे. छावणीच्या वस्तीपासून हांकेच्या अंतरावर जमीन खणण्यांत आली, आणि एकेका खड्ड्यांत अनेक प्रेतें सांपडलीं. असे कांहीं खड्डे उघडतांना टेलरसाहेब स्वतः उभे होते. ज्या कोड्यासाठीं त्यांनीं दूरदूरचीं गांवें पालथीं घातलीं होतीं, त्याचें उत्तर त्यांच्या ओळखीच्या दुकानांत बसून त्यांना कापड मोजून देत होतें. आपल्याला तें काम पुरें करूं दिलें असतें तर कित्येक जीव वांचले असते, ही खंत त्यांच्या मनांतून पुढें कधीं गेली नाहीं. वृद्धपणीं लिहिलेल्या आत्मवृत्तांतही ती आढळते.

पुढें १८३३ च्या सुमारास माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेण्याचें काम त्यांच्याकडे आलें. दिवसामागून दिवस ते समोर बसलेल्या माणसाकडून एकामागून एक खुनाच्या हकीकती ऐकत व लिहून घेत. अमीर अल्ली नांवाच्या एका साक्षीदारानें ७१९ खुनांत आपला हात असल्याचें कबूल केलें. ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा यावा. पण सांगणाऱ्याच्या आवाजांत कंप नसे. टेलरसाहेबांना त्या आंकड्याहून ह्या शांतपणाचेंच अधिक नवल वाटलें. हा मनुष्य मुलाबाळांवर माया करणारा, बोलण्यांत आदबशीर, स्वच्छ कपड्यांची आवड असलेला. मग हा असा कसा? ह्या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनीं एका कादंबरींत केला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, म्हणजे एका ठगाचा कबुलीजबाब, हें तिचें नांव. ती १८३९ सालीं लंडनांत प्रसिद्ध झाली, आणि तिनें एकच खळबळ उडविली. महाराणी व्हिक्टोरियालाही ती वाचण्याची उत्कंठा लागली होती.

ह्या पुस्तकाची योग्यता समजण्यासाठीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अमेरिकेंतील एडगर ॲलन पो याची पहिली गुप्तपोलिसी कथा १८४१ सालीं आली, आणि शेरलॉक होम्स तर १८८७ सालीं अवतरला. म्हणजे खुन्याच्या मनाचा शोध घेणारी ही कादंबरी त्या सर्वांच्या आधींची, आणि ती आपल्या बाजूच्या रस्त्यांवर घडलेल्या हकीकतींतून निर्माण झालेली आहे. तींतील टोळी आपल्या अमरावतीच्या, त्या वेळच्या उमरावतीच्या, गजबजलेल्या बाजारांतूनही जाते. कादंबरींत अमीर अल्ली स्वतःच आपली कथा सांगतो आणि साहेब ती ऐकतो. तुम्ही लोक वाघाच्या व हरणाच्या शिकारींत आनंद मानतां, आम्ही माणसाची शिकार करतों, अशा अर्थाचें तो निर्विकारपणें बोलतो. दैवानें नेमून दिलेलें तेंच आपण केलें, असें तो स्वतःला पटवून देतो. लहानपणीं त्याच्या स्वतःच्या आईबापांना ठगांनींच मारिलेलें असतें, आणि त्यांच्या नायकानें त्या पोराला पुत्र म्हणून वाढविलेलें असतें. पुढें एका स्त्रीच्या गळ्यांतील जुन्या नाण्यावरून त्याला कळून येतें कीं आपण जिला मारिलें ती आपली सख्खी बहीण होती. तेथें मात्र त्याचा तो शांतपणा ढळतो. ज्यानें शेंकडों बहिणींचे भाऊ मारिले त्याला स्वतःची बहीण ओळखूं आली तेव्हांच खून म्हणजे काय तें समजलें, हें ह्या कथेचें मर्म आहे.

१८४१ पासून टेलरसाहेबांनीं शोरापूर संस्थानचा कारभार पाहिला. तेथील बालराजा वेंकटप्पा नाईक त्यांना अप्पा, म्हणजे वडील, म्हणत असे. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड, नळदुर्ग वगैरे मुलूख इंग्रजांकडे लावून दिला तेव्हां टेलरसाहेब नळदुर्गास गेले. आणि १८५७ च्या उठावाच्या वणव्यांत त्यांना उत्तर वऱ्हाडांत, बुलढाण्यास, जाण्याचा हुकूम झाला. देण्यास एकही पलटण नाहीं, जसें जमेल तसें धरून राहा, असा हैदराबादच्या रेसिडेंटाचा निरोप होता. ते फौजेवांचून आले, आणि तो जिल्हा शांत राहिला. मद्रासकडून उत्तरेस जाणाऱ्या जनरल व्हिटलॉकच्या सैन्याला लागणारे ओढीचे बैलही त्यांनीं येथूनच मिळवून दिले. आज आपण स्वतंत्र भारताचे नागरिक त्या उठावाकडे निराळ्या दृष्टीनें पाहतों, व तें योग्यच आहे. तरी तोफेचें बळ नसतां मनुष्य जें सांभाळूं शकतो तें लोकांच्या विश्वासावरच, ही गोष्ट कोणत्याही बाजूच्या माणसाला नाकारतां येणार नाहीं.

त्याच धामधुमींत त्यांच्यावर एक मोठें दुःख कोसळलें. ज्याला त्यांनीं मुलासारखें वाढविलें त्या शोरापूरच्या तरुण राजानें १८५८ सालीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें व तो पकडला गेला. टेलरसाहेबांनीं कैदेंत जाऊन त्याची भेट घेतली. त्याची देहांताची शिक्षा कमी होत होत अखेर चार वर्षांच्या कैदेवर आली. परंतु त्या कैदेच्या ठिकाणीं नेत असतां वाटेंतच, पिस्तुलाच्या गोळीनें, त्यानें आपला अंत करून घेतला.

१८६० सालीं प्रकृति ढासळल्यामुळें टेलरसाहेब मायदेशीं परत गेले. तेथें त्यांनीं लेखणी पुन्हां उचलली, आणि १८६३ सालीं ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तुळजापूर व शिवाजी महाराजांच्या काळचा अफझलखान-प्रसंग हे तिचे विषय आहेत. १८७५ सालीं, दृष्टि मंद झालेली असतांही, ते पुन्हां एकदां हैदराबादेस आले. परंतु येथें त्यांना ताप जडला, आणि परत जातांना वाटेंत फ्रान्समधील मेंतों येथें १३ मे १८७६ रोजीं त्यांचें देहावसान झालें. आत्मवृत्त त्यांच्यामागें त्यांच्या कन्येनें १८७७ सालीं प्रसिद्ध केलें.

असें हें चरित्र. परंतु त्याचा बोध सांगतांना एक सावधगिरी घेणें अवश्य आहे. अलीकडील इतिहासकारांनीं ठगांसंबंधीच्या कागदपत्रांची पुन्हां छाननी केली आहे. माफीचा साक्षीदार स्वतःचा गळा वांचविण्यासाठीं बोलत असतो. त्याच्या बोटाच्या रोखावर कांहीं निरपराधीही फांसावर गेले नसतील असें छातीठोकपणें कोण म्हणेल? शिवाय, ठगी हा एक देशव्यापी धर्मपंथच होता, ही त्या काळच्या अधिकाऱ्यांची कल्पना अतिशयोक्तीची होती असें अनेकांचें मत आहे. ह्या कल्पनेंतूनच पुढें अधिक वाईट फळ आलें. गुन्हा हा रक्तांत व जातींत असतो असें धरून इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याखालीं जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या, आणि स्त्रीपुरुषांना हजेऱ्या द्याव्या लागल्या. आपल्या वऱ्हाडांतील पारध्यांनाही हा कलंक भोगावा लागला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालीं, तो कायदा देशभर रद्द झाला. परंतु लोकांच्या मनांतील कायदा अद्यापि रद्द झालेला नाहीं.

ह्याची साक्ष मीं स्वतःच्या अपराधानेंच दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एका मुलाचे फीचे पैसे नाहींसे झाले. वर्गांत पारधी बेड्यावरून येणारा एक मुलगा होता. कोणीं कांहीं म्हटलें नाहीं. परंतु सर्वांच्या नजरा तिकडे वळल्या, आणि माझीही वळली. मीं सर्वांदेखत त्याचें दप्तर उलटें केलें. त्यांतून दोन पुस्तकें, एक वही आणि भाकरीचा तुकडा पडला. आठवड्यानें खरी गोष्ट उघडकीस आली. पैसे घेणारा मुलगा पहिल्या बांकावरचा होता. हुशार, स्वच्छ, मला रोज नमस्कार करणारा. मी बेड्यावर गेलों, आणि त्या मुलाची व त्याच्या आईची क्षमा मागितली. मुलगा शाळेंत परत आला. परंतु पुढें कित्येक महिने, मी वर्गांत शिरलों कीं तो आपलें दप्तर स्वतः होऊन उघडी व बांकावर पसरून ठेवी.

मेडोज टेलर यांनीं हिंगोलीच्या व्यापाऱ्याकडून कापड घेतलें, आणि त्यांना तो ओळखूं आला नाहीं. मला माझा पहिल्या बांकावरचा विद्यार्थी ओळखूं आला नाहीं. दोघांनाही फसविलें तें चेहऱ्यानें व वेषानें. तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, बोलपटांतील चतुर अधिकारी पाहून तुम्हांला तसें व्हावेंसें वाटलें तर अवश्य व्हा. परंतु त्या कामाचा पहिला धडा हा कीं, माणसाची जात, कपडे किंवा बोलण्याची गोडी हा पुरावा नव्हे. समोरच्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकावें, जें उघड दिसतें त्याच्याही खालीं खणून पाहावें, आणि दुसऱ्याचें दप्तर उलटें करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.